चपलेची फटफट थांबली तेव्हा: लटकत्या पावलाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कळव्यात राहणारा ४३ वर्षांचा लादी मिस्त्री. काम बहुतेक घोडबंदर रोडवरच्या नव्या इमारतींमध्ये, ठेक्यावर. आधी खोल्यांची लादी, मग बाथरूमच्या भिंती आणि सगळ्यात शेवटी स्कर्टिंग. बावीस वर्षं हेच काम. ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत.

जुलैमध्ये त्याला कावीळ झाली. काही आठवडे घरी बसावं लागलं आणि वजन ६४ किलोवरून ५६ वर आलं. अंगात पुरती ताकद यायच्या आत ठेकेदाराचा निरोप आला, कारण दोन फ्लॅटच्या मालकांना गणपती नव्या घरातच बसवायचा होता. मिस्त्री कामावर गेला आणि अकरा दिवस सलग स्कर्टिंग लावत राहिला. स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याची चार इंची पट्टी. ती लावायची तर उकिडवं बसून, भिंतीला खांदा लावून, वीत-वीत बाजूला सरकावं लागतं. गुडघे पूर्ण मिटलेले, भार जास्त करून डाव्या पायावर, दिवसाचे सात-आठ तास. परतीला शेअर रिक्षा, त्यातही बहुतेकदा ड्रायव्हरशेजारची चौथी सीट. तिथे डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू रिक्षाच्या लोखंडी पाइपाला टेकून राहते. रिक्षेचा हात यात किती होता ते सिद्ध करता येणार नाही, पण हिशेबात धरायला हवा.

अडचण

बाराव्या दिवशी सकाळी डावं पाऊल जड वाटलं आणि पावलाचा वरचा भाग बधिर झाला. दुखत काहीच नव्हतं. चालताना मात्र डाव्या पायाची चप्पल प्रत्येक पावलाला फटकन वाजायची. चाळीतले लोक म्हणायचे, मिस्त्री आला हे न बघता कळतं.

पहिल्या दवाखान्यात पाय कमकुवत म्हणून कंबरेचा एमआरआय झाला. त्यात एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली दिसली आणि दुखणं कंबरेचं ठरलं. कंबरपट्टा, ट्रॅक्शनच्या (वजन लावून कंबर ताणण्याच्या) आठ बैठका, शेक. घरच्यांनी आपल्या परीने घोट्यापासून थेट गुडघ्याखालपर्यंत क्रेप बँडेज आवळून बांधलं. बधिर पावलावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, तेव्हा चटका कळलाच नाही आणि रुपयाएवढा फोड आला.

साधारण दहाव्या दिवसापासून फटफट थांबली. घरात सगळ्यांना वाटलं, उतार पडला. त्याच आठवड्यात तो कळव्याच्या रेल्वे पुलाच्या जिन्यावर दोनदा ठेच लागून पडला. दुखणं सुरू झाल्याच्या एकोणिसाव्या दिवशी तो ठाण्यातल्या एका फिजिओथेरपी केंद्रात आला तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं: 'कंबर, सुधारणा आहे'. या दोनपैकी एकही गोष्ट खरी नव्हती.

चाल पाहिली तेव्हा

एका पायाची टाच टेकली की तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचं एक चक्र होतं. निरोगी प्रौढ माणूस नेहमीच्या गतीने चालत असेल तर त्याला साधारण १.१ सेकंद लागतो. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो, हा स्टान्स. उरलेले ४० टक्के हवेत, हा स्विंग. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चक्राचे आठ टप्पे पाडले, आणि फिजिओथेरपीत आजही तीच मांडणी वापरतात. तिचा मोठा फायदा असा की 'लंगडतो' हा शब्द बाजूला ठेवून बिघाड नेमका कोणत्या टप्प्यात आहे ते विचारता येतं. टप्पा कळला की त्या क्षणी कामावर असलेला स्नायू कळतो, आणि स्नायू कळला की नसेपर्यंत जाता येतं.

या प्रकरणातला कळीचा स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूचा, टिबिअ‍ॅलिस अँटीरिअर. एका चक्रात त्याला तीन वेगवेगळी कामं असतात. टाच टेकल्यावर पाऊल जमिनीवर आपटू नये म्हणून तो लांब होत होत ब्रेक लावतो. हा लोडिंग रिस्पॉन्स, चक्राचे पहिले १० ते १२ टक्के. पुढे पाय जमिनीवरून सुटला की तोच स्नायू आखडून खाली झुकलेलं पाऊल वर घेतो, हा इनिशिअल स्विंग. त्यानंतर मिड स्विंगमध्ये पाऊल काटकोनात नुसतं धरून ठेवायचं. या शेवटच्या कामात चुकीला जागा फार थोडी. झुलणाऱ्या पायाची बोटं जमिनीपासून सगळ्यात कमी उंचीवर असतात तेव्हा मध्ये साधारण १ ते १.५ सेंटीमीटर अंतर उरतं. सैल चपलेचं पुढचं टोक लोंबत असेल तर त्यातलं बरंचसं तिथेच संपतं.

केंद्रात चाल मोजायला महागडी यंत्रणा नव्हती. मोबाइल, ट्रायपॉड आणि आठ मीटरचा मोकळा पॅसेज. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, बाजूने आणि मागून, स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम. खुबा, गुडघा, घोटा आणि करंगळीच्या मुळाशी मोठ्या काळ्या टिकल्या चिकटवल्या, म्हणजे पडद्यावर कोन मोजता येतात. आधी चपलेसह, मग अनवाणी. अनवाणी चालवणं टाळू नये. चप्पल बोटांनी धरून ठेवायच्या धडपडीत माणूस पाऊल वेगळंच टाकतो.

उजवा पाय नीट होता. टाच आधी टेकत होती आणि पाऊल पूर्ण सपाट व्हायला २१ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा जेमतेम अकरावा भाग लागत होता. डाव्या पायाची टाच आधी टेकतच नव्हती. चवड्याची बाहेरची कड पहिली जमिनीला लागायची आणि टाच मागून खाली यायची. आवाज थांबण्याचं कारण हेच. फटफट होते ती टाच टेकल्यावर पाऊल सांभाळता आलं नाही म्हणून. पाऊल टाचेवर उतरतच नसेल तर आपटणार काय? पहिल्या दहा दिवसांत स्नायूत थोडी ताकद होती, टाच टेकत होती, ब्रेक मात्र लागत नव्हता. नंतर स्नायू टाच पुढे करण्याइतकाही उरला नाही. ज्याला घरच्यांनी उतार समजलं ती पुढची पायरी होती, आणि खालच्या दिशेची.

बाकीची चाल या एका उणिवेची भरपाई करत होती. लोंबणारा चवडा जमिनीला लागू नये म्हणून तो डावा गुडघा इनिशिअल स्विंगमध्ये साधारण ६० अंशांऐवजी ८० अंशांपर्यंत वाकवत होता आणि मांडी उचलून, सपाट जागेवर पायरी चढल्यासारखं पाऊल टाकत होता. हे ओझं खुब्यापुढच्या इलिओसोआस स्नायूवर पडतं. त्यामुळे संध्याकाळी डावी जांघ भरून यायची, आणि हीच जांघेतली ओढ आधीच्या कागदावर 'कंबरेतून पायात उतरणारी कळ' म्हणून नोंदलेली होती.

जे चांगलं होतं तेही तितकंच बोलकं होतं. मिड स्टान्समध्ये, म्हणजे सगळा भार एका पायावर असताना, ओटीपोटाचा सांगाडा दुसऱ्या बाजूला झुकत नव्हता. खुब्याच्या बाहेरचा ग्लुटिअस मिडिअस आपलं काम करत होता. नडगी पावलावरून सावकाश पुढे जात होती, म्हणजे पोटरीतला सोलिअस तिला लगाम घालत होता. टर्मिनल स्टान्समध्ये, म्हणजे शरीर पावलाच्या पुढे गेल्यावर, टाच वेळेवर उचलली जात होती. डाव्या एका पायावर टाच उचलण्याचे १८ फेरे झाले, उजव्यावर २२. पोटरी शाबूत होती.

कंबर की गुडघा

पाऊल वर उचलता न येण्याची दोन नेहमीची ठिकाणं. एक, कंबरेतून निघणारी एल-५ नस. दुसरं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला हाडाच्या वरच्या उंचवट्याखाली, जिथे कॉमन पेरोनिअल नर्व्ह हाडाला वळसा घालून नडगीकडे येते. तिथे तिच्या आणि कातडीच्या मध्ये जेमतेम थोडी चरबी असते. काविळीत ८ किलो वजन गेल्यावर ही गादी आणखी पातळ होते आणि उकिडव्या बसण्यात नस हाड आणि ताणलेल्या कंडऱ्यांच्या मध्ये चेपली जाते.

दोन्ही ठिकाणच्या इजेत टिबिअ‍ॅलिस अँटीरिअर ढिला पडतो, म्हणून फक्त तो तपासून निकाल लागत नाही. तपासायचे ते एल-५ मधून पुरवठा घेणारे पण पेरोनिअल नर्व्हच्या वाटेवर नसलेले स्नायू. पाऊल आत वळवणारा टिबिअ‍ॅलिस पोस्टेरिअर आणि खुब्याचा ग्लुटिअस मिडिअस. हे दोन दुबळे असतील तर बोट कंबरेकडे जातं. सशक्त असतील तर गुडघ्याकडे.

इथे एक चूक वारंवार होते. पाऊल लोंबत असताना ते आत-बाहेर वळवायला सांगितलं तर चांगले स्नायूही दुबळे वाटतात, कारण त्या स्थितीत त्यांना जोर धरता येत नाही. आधी तपासणाऱ्याने घोटा हाताने काटकोनात आणून धरायचा, मग ताकद बघायची. आधीच्या कागदावर 'पाऊल आत वळवणे: ३' असं होतं (शून्य म्हणजे ताकदच नाही, पाच म्हणजे पूर्ण). घोटा धरल्यावर तीच ताकद ५ निघाली. सगळ्या निदानाची दिशा या एका आकड्यावर फिरली, म्हणून हा प्रसंग एवढा सविस्तर दिला आहे.

शून्य ते पाचच्या मोजपट्टीवर बाकी आकडे असे होते: टिबिअ‍ॅलिस अँटीरिअर २, अंगठा उचलणारा स्नायू १, पाऊल बाहेर वळवणारे पेरोनिअल स्नायू ३, ग्लुटिअस मिडिअस ५, गुडघा मागे वाकवणारे हॅमस्ट्रिंग ५. बधिरपणा नडगीच्या बाहेरच्या भागात, पावलावर आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात. पावलाची करंगळीकडची कड आणि तळवा ठीक. पाय सरळ उचलल्यावर कंबरेतून कळ नाही. फिब्युलाच्या उंचवट्याखाली बोटाने टिचकी मारली की पावलावर झिणझिण्या जात होत्या.

आणखी दोन गोष्टी वगळायच्या होत्या. लघवी-शौचावरचा ताबा आणि बैठकीच्या जागेचा बधिरपणा विचारला, तिथे गडबड असती तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं असतं. दुसरी गोष्ट आपल्या भागात कधीच विसरू नये: कुष्ठरोग. पाऊल लटकण्याचं ते एक जुनं, ओळखीचं कारण आहे. म्हणून गुडघ्यामागची नस दोरीसारखी जाड लागते का ते दोन्ही पायांत हाताने चाचपलं, अंगावर न खाजणारे, बधिर, फिकट चट्टे आहेत का ते कपडे काढून पाहिलं. काही नव्हतं. असतं तर सरकारी दवाखान्यातलं मोफत औषध आधी, बाकीचं नंतर. रक्तातली साखरही तपासून घेतली, ती ठीक होती.

एमआरआयमधल्या फुगीचं काय? चाळिशीनंतर अशी फुगी कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास दिसते. चित्रात दिसली म्हणून ती दोषी ठरत नाही. चाल आणि स्नायू तिच्याकडे बोट दाखवत असतील तर गोष्ट वेगळी.

मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवून तीन आठवडे पूर्ण झाल्यावर नसेची तपासणी करून घेतली. त्यातली स्नायूत सुई घालून करायची तपासणी फार लवकर केली तर तंतू तुटल्याच्या खुणा स्नायूत उमटलेल्या नसतात, म्हणून थांबणं बरं. अहवाल स्पष्ट होता. फिब्युलाच्या मानेपाशी, म्हणजे उंचवट्याखालच्या निमुळत्या भागाशी, संदेश अडत होता, टिबिअ‍ॅलिस अँटीरिअरमध्ये काही तंतू तुटल्याच्या खुणा होत्या, आणि मांडीतला बायसेप्स फेमोरिसचा आखूड भाग निर्दोष होता. हा स्नायू त्याच नसेच्या वरच्या भागातून पुरवठा घेतो. तो ठीक म्हणजे इजा त्याच्या खाली. कंबरेचे स्नायूही निर्दोष.

पर्याय

ट्रॅक्शन आणि कंबरेचे उपचार बंद करण्यावर दुमत नव्हतं. बँडेज त्याच दिवशी सोडलं. नस जिथे दबली होती तिथेच ते आवळत होतं.

शस्त्रक्रियेने नस मोकळी करणं हा पर्याय लगेच नको असं ठरलं. बाहेरून दाब पडून झालेली इजा, गाठ नाही, संदेश मुख्यतः अडलेला, काही तंतू तुटलेले. अडलेला संदेश दाब काढला की काही आठवड्यांत सुटू लागतो. तुटलेले तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात, त्यांना महिने लागतात. तीन ते चार महिन्यांत काहीच हालचाल नसेल तर पुन्हा विचार, अशी मुदत कागदावर लिहून दिली. मुदत लिहिलेली असली की रुग्ण धीर धरतो आणि उपचार करणाऱ्यालाही नुसतं 'बघू' म्हणत राहता येत नाही.

'करंट लावा' असा घरच्यांचा आग्रह होता. स्नायूला करंट दिल्याने नस लवकर भरून येते असा भक्कम आधार नाही. ज्या माणसाचा एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, त्याला रोज तास-दीड तास त्यात घालवायला लावणं योग्य वाटलं नाही.

खरा विचार लागला तो पावलाच्या आधाराला, म्हणजे एएफओला. तीन प्रकार समोर होते. पूर्ण कडक एएफओ घोटा काटकोनात बांधून टाकतो. मिड स्विंगचा प्रश्न सुटतो, पण टाच टेकल्यावर पाऊल खाली उतरू शकत नाही. परिणामी नडगी एकदम पुढे ढकलली जाते, गुडघा वाकतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो. जिना उतरताना तर फारच अवघड. पोटरी शाबूत असलेल्या, पाय कडक न झालेल्या माणसाला हा जाच कशासाठी? दुसरा, मागून पातळ पट्टी असलेला लीफ स्प्रिंग एएफओ. तो हवेत पाऊल वर धरतो, टाच टेकल्यावर थोडा वाकून पावलाला सावकाश उतरू देतो, आणि पोटरीला शेवटी जोर मारायला मोकळी ठेवतो. तिसरा, घोट्याभोवती पट्टा आणि पावलाखालून इलॅस्टिक. आधार कमी, पण अनवाणी वापरता येतो. लादी मिस्त्री मालकाच्या नव्या लादीवर बूट घालून फिरू शकत नाही, हा मुद्दा कोणत्याही वहीत सापडणार नाही. दुसरा प्रकार बाहेरसाठी आणि तिसरा घरासाठी, असं ठरलं.

काय केलं

एएफओ प्लॅस्टरचा साचा घेऊन पॉलिप्रॉपिलीनचा बनवला. बूट एक नंबर मोठा, आतली गादी काढून, वेल्क्रोचा. आत सुती मोजा. पहिले तीन दिवस एक-एक तास, मग कातडी बघायची. बधिर पायाला घासलेलं कळत नाही, म्हणून रोज रात्री बायकोने पाऊल आणि घोटा नजरेखालून घालायचा.

पाचव्या आठवड्यात घोळ झाला. नडगीवरच्या झिणझिण्या वाढल्या. पाहिलं तर एएफओचा वरचा पट्टा नेमका फिब्युलाच्या मानेवर येत होता, म्हणजे ज्या जागेवर दाब नको तिथेच दिवसभर दाब. वरची कड कापून पट्टा उंचवट्याखाली तीन बोटं आणला, आत फोम लावला. चार दिवसांत झिणझिण्या पूर्ववत. ही चूक बनवणाऱ्याची जितकी, तितकीच तपासून न घेणाऱ्याची.

व्यायाम ताकदीप्रमाणे बदलत गेला. ताकद २ असताना कुशीवर झोपून, पाऊल पलंगावर सरकवत वर ओढायचं, म्हणजे वजन उचलावं लागत नाही. दहाचे तीन फेरे, दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक वेळी उजवं पाऊल बरोबर हलवायचं. पोटरी आखडू नये म्हणून भिंतीला टेकून गुडघा सरळ ठेवून ३० सेकंदांचा ताण, चार वेळा. उकिडवं बसणाऱ्यांचा गुडघा वाकवून घोटा भरपूर वर येतो, म्हणून त्यांची पोटरी लवचीक आहे असं वाटतं. इथेही गुडघा वाकवून २५ अंश मिळत होते आणि सरळ केल्यावर फक्त ४. पोटरीतला दुसरा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमिअस, गुडघ्यावरूनही जातो, त्याची लांबी गुडघा सरळ ठेवूनच कळते. चालीत टर्मिनल स्टान्सला गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि घोट्याला साधारण १० अंश लागतात. ते नसतील तर टाच वेळेआधी उचलली जाते किंवा गुडघा मागे जातो.

ताकद ३ झाल्यावर मुख्य व्यायाम असा होता: एक पाऊल पुढे टाकून टाच टेकवायची आणि चार आकडे मोजत पाऊल जमिनीवर उतरवायचं. आपटलं तर तो फेरा धरायचा नाही. बाराचे दोन फेरे. रबरी पट्टा ओढून पाऊल वर घेणं सगळेच देतात, पण त्याने इनिशिअल स्विंगचं काम सुधारतं. लोडिंग रिस्पॉन्समध्ये स्नायू लांब होताना धरतो, त्याला तसाच सराव हवा.

काम पूर्ण बंद ठेवणं घराला परवडणारं नव्हतं. सातव्या आठवड्यापासून भिंतीच्या टाइल्स, छातीच्या उंचीपर्यंतच्या, उभं राहून. लादी आणि स्कर्टिंग बंद.

नवव्या आठवड्यातला पेच

नवव्या आठवड्यात मिस्त्रीच्या बायकोचा घाबरून फोन आला. "दादा, ह्यांची चप्पल परत फटफट वाजायला लागलीय. पहिल्यासारखंच झालं." घरात एएफओ आणि व्यायाम दोन्ही बंद झालं होतं, कारण त्यांनीच बिघडलं असं वाटलं. ओळखीच्या कुणीतरी लगेच ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं होतं.

त्याच पॅसेजमध्ये, त्याच टिकल्या लावून पुन्हा व्हिडिओ घेतला. डावी टाच आता आधी टेकत होती. त्यानंतर सात फ्रेममध्ये पाऊल सपाट, उजव्या पायाला लागतात त्याच्या एक तृतीयांश वेळात. स्नायू टाच पुढे करण्याइतका परत आला होता, ब्रेक लावण्याइतका अजून नाही. जाताना ज्या पायरीवरून गेला, येताना त्याच पायरीवर तो उभा होता. टिबिअ‍ॅलिस अँटीरिअर ३, पेरोनिअल ४.

दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून दाखवल्यावर शंका मिटली. तोंडी समजावून ती मिटली नसती. व्यायाम त्याच दिवशी पुन्हा सुरू झाला, शस्त्रक्रियेचा विषय मागे पडला. मधले पाच दिवस मात्र वाया गेले.

निकाल

चौदाव्या आठवड्यात टिबिअ‍ॅलिस अँटीरिअर ४. पाऊल सपाट व्हायला १६ फ्रेम. आठ मीटरच्या पॅसेजमधला वेग पहिल्या दिवशी सेकंदाला ०.७८ मीटर होता, एएफओसह १.०५ आणि आता आधाराशिवाय १.२२. इनिशिअल स्विंगमध्ये गुडघा पुन्हा नेहमीइतकाच वाकू लागला आणि जांघेची ओढ आपोआप गेली, तिच्यासाठी वेगळं काही केलं नव्हतं. एएफओ आधी घरात, मग सपाट रस्त्यावर सोडला. रेल्वेच्या जिन्यासाठी आणखी तीन आठवडे ठेवला, कारण थकल्यावर संध्याकाळी पाऊल पुन्हा झुकायचं. सकाळी ताज्या पायाची चाल पाहून आधार काढणं फसवं ठरतं, म्हणून त्याची तपासणी मुद्दाम कामावरून परतताना ठेवली.

विसाव्या आठवड्यात ताकद ४ आणि ५ च्या मधली. अंगठा उचलणारा स्नायू अजून ४ च्या खाली, आणि ओली चप्पल अधूनमधून निसटते. वजन ६१ किलो.

लादीचं काम सोळाव्या आठवड्यात सुरू झालं, ते अटींवर. २० सेंटीमीटर उंचीचं लाकडी पाटासारखं बैठं स्टूल, म्हणजे गुडघा शेवटपर्यंत मिटत नाही. दर दहा मिनिटांनी मोबाइलची घंटी, उठून वीस पावलं. स्कर्टिंगला आळीपाळीने एक गुडघा टेकून, डावीकडे सलग कधीच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी टाचांवर दहा पावलं चालायला सांगितलं असतं आणि घोटा धरून पाऊल आत वळवायला लावलं असतं, तर एमआरआयच्या आधी दिशा मिळाली असती. दोन्हीला मिळून दोन मिनिटं लागतात. त्याच वेळी 'गेल्या महिन्यात वजन उतरलं का, आणि कामाला कसे बसता' हे दोन प्रश्न हवे होते. कावीळ आणि स्कर्टिंग या दोन गोष्टी एकत्र ऐकल्यावर गुडघ्याकडे हात जायलाच हवा.

एएफओ दिला त्या दिवशी पट्ट्याच्या जागी पेनाने खूण करून, बसून आणि उभं राहून दोन्ही वेळा तपासायला हवं होतं. बसल्यावर पट्टा साधारण एक बोट वर सरकतो, आणि पाचव्या आठवड्यातला घोळ तिथूनच आला.

घरच्यांना सुरुवातीलाच सांगायला हवं होतं की सुधारताना आवाज परत येईल. ते न सांगितल्यामुळे पाच दिवस गेले, आणि आणखी एक धक्का बसला असता तर कदाचित नको असलेली शस्त्रक्रियाही झाली असती.

राहिला गुडघ्याच्या पॅडचा प्रश्न. कामावर परतल्यावर ठेकेदाराने चांगल्या भावनेने जाड पॅड आणून दिले. गुडघ्याची वाटी जपायला ते उत्तमच, पण खालचा इलॅस्टिक पट्टा घट्ट असेल तर तो नेमका फिब्युलाच्या मानेवरून जातो. वरचा पट्टा ठेवून खालचा कापून टाकला. पॅड थोडा सरकतो, दर तासाला नीट बसवावा लागतो, आणि मिस्त्रीची त्याबद्दलची कुरकुर अजून चालू आहे.